तेलाचा परतीचा रस्ता

बुधवारी जुन्या बाजारात, कुलपांच्या ढिगाशेजारी
तो पडला होता, काळा, गोगलगाईसारखा वळलेला,
कुठल्याशा डिझेल गाडीच्या पोटातून काढलेला.
मी शाफ्ट चिमटीत धरून हलवला:
बाजूला किंचित हलला, तेवढं चालतं.
आत-बाहेर अजिबात नाही.
"ताई, मिक्सरचा नाहीये तो."
माहितेय, म्हटलं. अठराशे देईन.

गाडी दोन सीटांची, फायबरची,
वारज्यात, आमच्या बी विंगच्या खाली.
साठ घोडे, त्यातले आठ-दहा म्हातारे.
सेक्रेटरी कुर्लेकरांनी खांबावर कागद चिकटवला:
'ही जागा गाडी उभी करण्यासाठी आहे, उघडण्यासाठी नाही.'
गाडीला टपच नव्हता.
आली तेव्हापासून ती उघडीच.

निषाद टॉर्च धरायचा.
सोळा वर्षांचा, एका कानात इअरफोन,
उजेड माझ्या हातावरून घसरत भिंतीवर, पालीवर.
"नीट धर" म्हणताना
माझ्या तोंडून अण्णांचा आवाज निघाला,
भोसरीचा, शिफ्ट सुटल्यावरचा,
आणि क्षणभर मीच दहा वर्षांची, फ्रॉकला ग्रीस.

मॅनिफोल्ड मुनीरभाईंनी जोडून दिला.
अण्णांच्या व्हर्नियरने मोजला: फ्लँज अर्धा मिलिमीटर वाकडी.
"थंड होताना ओढली गेली," ते म्हणाले,
"लोखंडाचा राग नंतर निघतो."
दुसऱ्या वेळी त्यांनी टाका टाका देत,
थांबत थांबत, मधे चहा पीत जोडला.
पैसे एकदाचेच घेतले.

हेडखाली जाड गॅस्केट. मोठे इंजेक्टर.
इंटरकूलर एका ठोकलेल्या गाडीचा, त्याच्या पत्र्यात अजून एक पान.
पाच पाउंड दाब, त्यावर नाही.
सगळ्यात जास्त दिवस तेलाने खाल्ले.
येताना ते दाबाने येतं, ते सोपं.
परत जायला त्याला कुणी ढकलत नाही.
नळी जाड हवी, उतार हवा, वळण नको,
नाहीतर तिथंच तुंबतं आणि धूर होऊन बाहेर पडतं.
हे निषादला सांगितलं. तो "हं" म्हणाला.
त्याचं असंच.
मी आज विचारते,
उत्तर परवा येतं, जिन्यात, चपला घालताना.

बोपदेव घाट, पहाटे साडेचार.
तिसरा गिअर. पाय दाबला.
काहीच नाही.
अजून काहीच नाही.
इतक्या वेळात मला अठराशे रुपये आठवले,
कुर्लेकर आठवले.
मग बारीक शीळ, कुठून तरी लांबून,
आणि पाठीवर कुणीतरी तळहात टेकवून
ढकललं.
"आईशप्पथ," निषाद म्हणाला. लगेच.

दुसऱ्या खेपेला हवेची नळी निसटली,
म्हशीनं फुरफुरावं तसा आवाज, आणि गाडी पुन्हा म्हातारी.
रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वाकले.
क्लॅम्प आत, सांदीत, बोटांना न दिसणारा.
स्क्रू ड्रायव्हर तीनदा घसरला.
उजेड हलला नाही.

पार्किंगमध्ये आलो तेव्हा पेपरवाला सायकल लावत होता.
निषादने किल्लीकडे हात नेला.
थांब, म्हटलं. आतलं चाक अजून तापलेलं आहे,
आत्ता बंद केलंस तर तेल जागच्या जागी जळेल.
दोन मिनिटं.

बसून राहिलो.
रेडिएटरचा पंखा सुरू झाला, बंद झाला.
वर कुर्लेकरांच्या गॅलरीत दिवा लागला,
कुणीतरी खोकलं, मुद्दाम.
दोनाची चार झाली असतील.

"तू त्या दिवशी विचारलं होतंस ना," तो म्हणाला,
समोर काचेकडे बघत,
आणि गप्प झाला.

मी किल्लीला हात लावला नाही.