नमदा

संग्रहालयाची व्हॅन नारिनच्या घाटात रुसली,
म्हणून सूक्ष्मदर्शक गाढवावर बसून आला.
आयझिरेकने तो तंबूच्या दारात मांडला.
फुलपाखराचा पंख, कांद्याचा पापुद्रा
पोरांनी भराभर उरकले.

बुरुलकानने मात्र बाहीला चिकटलेली
लोकर उपटली. "ही ठेव."
एक डोळा मिटून वाकली
ती वाकलेलीच.
केसावर खवले. माशासारखे.

"अस्सं! म्हणून सोडत नाहीत होय एकमेकींना."

चाळीस वर्षं नमदे थापलेत या हातांनी.
आयझिरेक वही चाळत राहिली:
खवले उघडतात कशाने,
ते फलकावर लिहायचं राहून गेलं होतं.
"कढत पाण्याने," बुरुलकान म्हणाली.
"चल, बाह्या सरसाव."

परतताना भिंगावर बोटाचा ठसा, न पुसलेला,
आणि आयझिरेकच्या नखांत
ओल्या मेंढीचा वास.