तेवीस नंबर

परिपत्रक तीन भाषांत आलं,
मराठी त्यात नव्हती, नसतेच.
बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी
सगळ्यांचे फोन एकदम ओरडतील.
घाबरू नये. ही चाचणी आहे.
त्या दिवशी हजेरी सक्तीची.

एरवी ज्याच्या दप्तरात फोन सापडतो
त्याचा फोन आठवडाभर माझ्या कपाटात.
आणि आता मीच सांगतेय,
आठवणीने आणा, चार्ज करून आणा.
सातवी ब माझ्याकडे अशी बघते
जणू चतुर्थीला मी ताटात मटण वाढलं.

सोमवारी सराव घेतला.
मी भोंगा व्हायचं, त्यांनी शांत राहायचं.
थरिंदू विचारतो, मिस, खरं काही झालं तरी
असाच आवाज येणार?
असाच.
मग खरं कुठलं ते कळणार कसं?
वाचायचं, म्हटलं. आधी वाचायचं, मग पळायचं.
तो म्हणाला, दिल्शादला वाचायला फार वेळ लागतो.
वर्ग हसला. दिल्शादही हसला.
मी फळा पुसत राहिले,
फळ्यावर काही नव्हतं.

बार्शीला आमच्या भोंगा होता, साडेआठचा.
त्याला कुणी घाबरल्याचं आठवत नाही.
भोंगा झाला की आई भात टाकायची,
अण्णा घड्याळ जुळवायचे,
आणि ज्याच्या शर्टाला दोनच बटणं
तोसुद्धा शाळेच्या रस्त्याला लागायचा.
इथे रास अल खैमात खिडकीबाहेर डोंगर,
सिमेंटच्या रंगाचे, गवताची काडी नाही,
पायथ्याशी पिवळ्या बसची रांग.
एवढ्या शांततेला आवाजाची तालीम कशाला,
असं वाटतं,
आणि मग घरी जाऊन मी बातम्या लावते.

बुधवार. एकोणतीस नावं.
मेहविश नाही. आवाज सोसत नाही तिला,
आईची चिठ्ठी आहे.
नेव्हिन नाही. त्याचं नाव अकरा दिवस नुसतंच घेतेय.
बिऱ्हाड कोट्टायमला गेलं म्हणतात,
कार्यालयाने अजून खोडलेलं नाही.
मीही नाही.
तेवीस, सुहैल परकार.
तेवीस?
तो नेहमी उशिराच बोलतो,
जणू आधी स्वतःला चाचपून बघतो, आहे ना मी.
"हजर, बाई."
अख्ख्या वर्गात तो एकटा मला बाई म्हणतो.
मूळचे दापोलीकडचे. बाप एसी दुरुस्त करतो.

अकरा दहा.
पत्र्यावरून पत्रा ओढावा तसं काहीतरी
सगळ्या बाकांवरून एकदम उठलं.
कृपालीने कान झाकले. दिल्शाद
ओठ हलवत एकेक अक्षर वाचत होता, पळाला नाही.
बाहेर व्हरांड्यात अरबीच्या अब्लांच्या हातून
चहाचा पेला सुटला,
सकाळी प्रार्थनेला त्यांनीच सांगितलं होतं,
घाबरू नका.

मग थांबलं.
आणि तिसऱ्या रांगेतून
ऊंऽऽ ऊंऽऽ ऊंऽऽ
भुवया आक्रसून, अगदी त्याच सुरात,
चार सेकंद उशिरा, सुहैल.
समोर फोन. काच तडकलेली, आत कार्ड नाही.
चालणारा घरात एकच,
तो या वेळी बापाच्या खिशात, कुठल्याशा गच्चीवर
ओरडून गप्प झाला असणार.

मला वाटलं, आता हसतील.
थरिंदू मागे वळला, त्या काळ्या पडद्यावर वाकला
आणि मोठ्याने वाचलं,
"ही चाचणी आहे. तुम्ही काही करू नका."
सुहैल थांबला. मान हलवली. कळलं, अशी.

दुपारी अहवाल भरायचा होता.
हजर किती? सत्तावीस.
फोन किती वाजले?
सत्तावीस, लिहिलं मी.
खाली एक रकाना होता, अडचणी.
तिथे लिहिलं,
पेला, एक.