कावळा नाका

आप्पांचं बोलणं गेलं,
स्टॉप तेवढे राहिले.

मी सातवीत. सीपीआरच्या वॉर्डात
डॉक्टरांनी विचारलं, नाव काय तुमचं?
आप्पा म्हणाले, मिरजकर तिकटी.
आई तोंडाला पदर लावून हसली की रडली,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेवीस वर्षं केएमटीत कंडक्टर.
तिकीट फाडणारा उजवा हात
आता उशीवर ठेवलेला,
कुणीतरी गाडीत विसरून गेल्यासारखा.

आई पहिल्या पाळीला गोकुळ शिरगावला.
विज्या लहान. उरले मी.
हळूहळू शिकले:
गंगावेश म्हणजे चहा.
कळंबा म्हणजे खिडकी उघड.
रंकाळा, कूस बदल.
पंचगंगा म्हणजे भांडं आण, लवकर.
आणि बिंदू चौक म्हणजे मी,
विज्याला त्यांनी कधी बिंदू चौक म्हटलं नाही.

कावळा नाका काही कळला नाही.
चहा दिला, नको. भांडं दिलं, नको.
उशी, पंखा, रेडिओ, भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात,
नको, नको.
सुट्टे न देणाऱ्या प्रवाशाकडं बघावं
तसे बघत राहायचे माझ्याकडं.

कुरणे बाई विचारायच्या, वैजयंता, परत उशीर?
मी म्हणायची, बस चुकली.
शाळा आमच्या घरामागं होती.

बापाला अंघोळ घालताना पोरीनं कुठं बघायचं
हे कुणी सांगत नाही.
मी साबण लावायची भिंतीच्या ओलीकडं बघत,
आप्पा पत्र्याकडं.
गच्च भरलेल्या गाडीत
अनोळखी माणसं उभी असतात तसे आम्ही,
अंगाला अंग लागलेलं
आणि तोंडं फिरवलेली.

लक्षतीर्थ वसाहतीत सगळे म्हणायचे, गुणाची पोर.
गुणाच्या पोरीला
कंटाळा येऊन चालत नाही.

एका रविवारी रुबिनानं नवी सायकल आणली.
मी दारात, एक पाय पेडलवर.
आतून आवाज, पंचगंगा.
ऐकू आलं मला.
परत, पंचगंगा, बारीक,
मागच्या सीटपर्यंत न पोचणारा.
मी म्हटलं, चल रुबी, जोरात ढकल.
फुलेवाडी नाक्यापर्यंत गेले,
केस सुटले वाऱ्यानं, हसले, पडले, परत चढले.

आल्यावर चादर बदलली.
आप्पा काही म्हणाले नाहीत.
त्या दिवशी एकसुद्धा स्टॉप नाही.
रात्री आईनं विचारलं, गप का हे?
म्हटलं, झोप आली असेल.

आता मी पुण्याहून येते.
आप्पांना जाऊन अकरा वर्षं.
तावडे हॉटेल मागं पडतं, गाडी आत शिरते,
कंडक्टर ओरडतो, चला कावळा नाकाऽ, कावळा नाका,
आणि मी उठते.
मला स्टँडला उतरायचं असतं, तरी उठते.

बॅग घेऊन उभी राहते.
डिझेलचा वास, रसाचा गाडा,
मोबाईलचं दुकान, त्याच्यावर लॉज.
इथं काय होतं तुमचं, आप्पा?
ड्यूटी संपल्यावरचा चहा? कुणी दोस्त? कुणी बाई?
का तोंडात आलेलं नुसतं नाव,
आणि मी उगंच घर धुंडाळलं सात वर्षं?

कुठं जायचं ताई, रिक्षावाला विचारतो.
लक्षतीर्थ.
लांब हाय. सुट्टं हाईत न्हवं?

मी पर्समध्ये हात घालते
आणि बराच वेळ
बाहेर काढत नाही.