नामाच्या आधी

ज्या शब्दावर सुपडू अहिरेंचं बोट थांबलं...
थांबा, आधी खोली सांगते.

चाळीसगाव, स्टेशनरोड, टायपिंग क्लासच्या वरचा मजला.
मे महिना. कूलरमध्ये पाणी कमी, आवाज जास्त.
एक लॅपटॉप. बटण दाबलं की एक शब्द दिसतो,
पुन्हा दाबलं की तो पुसून पुढचा.
मागे जाता येत नाही.
वाचणारा कुठे किती रेंगाळला
ते यंत्र सेकंदाचे हजार तुकडे करून लिहून ठेवतं.
माणशी साठ रुपये आणि एक चहा.

माझे गाईड परगावचे. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं:
इंग्रजीत माणूस आधी येऊन उभा राहतो,
त्याची हकीकत मागून येते, हमालाच्या डोक्यावरून आल्यासारखी.
चिनीत, जपानीत हकीकत आधी, माणूस शेवटी.
आपल्या घराला दोन्ही दारं.
जो काल आला तो.
काल आलेला.
आई म्हणते, ‘काल उनेल...’
आणि कोण ते सांगायच्या आत
दूध उतू जातंय म्हणून आत पळते.
आम्ही संध्याकाळपर्यंत त्या ‘उनेल’ला धरून बसतो.

वाक्यातून कर्ता उचलला तर वाचायला सोपं,
की कर्म उचललं तर?
एवढाच प्रश्न. चार वर्षं.

शांताराम शिंपी कात्री चालल्यासारखे वाचत गेले.
नर्सिंगची हिना पिंजारी प्रत्येक नामावर किंचित अडखळायची,
उंबरठा माहीत असूनही पायाला लागतो तशी.
सुपडू अहिरे मालधक्क्यावर एकतीस वर्षं,
सातवी पास, ओठ हलवत वाचणारे.
त्यांचं अठ्ठाविसावं वाक्य:

साहेबाला

ढकलणारा

हमाल

पुढे ‘फाटकाजवळ उभा होता’ असं होतं,
पण पुढे जायला बटण दाबावं लागतं.

बोट अधांतरी.
मी बोलायचं नाही असा नियम.
खाली कुणीतरी एकच ओळ पुन्हापुन्हा टाइप करत होतं.
त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या खांद्याकडे,
जो डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे.
अकरा सेकंद.

मग कसंबसं वाक्य संपलं आणि प्रश्न उगवला:
ढकललं कोणी? साहेब की हमाल?
त्यांनी ‘साहेब’ दाबलं.
यंत्राने लाल फुली दिली.

“आसं नही व्हयनं ताई,” ते म्हणाले,
रागाने नाही,
वजनातली चूक दाखवावी तसं.

ते वाक्य मीच रचलं होतं, एका रात्रीत सोळा जोड्या:
साहेबाने ढकललेला, साहेबाला ढकलणारा,
शब्द तेच, फक्त प्रत्यय फिरवून.
प्रत्यय फिरवायला काही लागत नाही
असं मला वाटत होतं.

तीन सेकंदांवरची नोंद गाळायची.
उत्तर चुकलं तर वाक्यही गाळायचं.
दोन्ही नियमांनी ते गळालं.
छत्तीस वाचकांचा आलेख सुबक आला,
गाईड खूश.

तर, ज्या शब्दावर बोट थांबलं
त्या शब्दाआधी दोनच शब्द होते,
जे घडायचं ते त्या दोनांत घडून गेलेलं
आणि ते करणारा अजून यायचा होता.
या फटीला काय म्हणायचं
ते माझ्या संदर्भसूचीत नाही.

चहा पिताना त्यांनी विचारलं, ते वाक्य पुन्हा दिसेल का.
मी म्हटलं, यंत्रात मागे जाता येत नाही.
मग त्यांच्या पावतीमागे पेनने लिहून दिलं, सगळं, एका ओळीत.
कागदावर मागे जाता येतं. ते तीनदा गेले.
तिसऱ्यांदा शेवटच्या दोन शब्दांवर नख ठेवलं.

“ढकलीसन बी उभाच व्हता?”