भांगाची भरती

आज शुक्रवार. आज मी कोणीच नाही.
काल संध्याकाळी जुनी ऑर्डर संपली,
उद्या सकाळी नवी लागेल, लागली तर.
मधल्या या दिवसाला कागदावर म्हणतात
तांत्रिक खंड.

नऊ वर्षांत असे नऊ दिवस झाले.
पहिल्या खंडाला मी माहेरी गेले होते, दाभोळला,
दुसऱ्याला मसाला कुटला.
नंतरचे आठवत नाहीत.

बंदर ऑफिसात माझं काम एवढंच :
जेटीच्या तिसऱ्या खांबावरची रंगवलेली पट्टी वाचायची,
चढत्या पाण्याला एकदा, उतरत्याला एकदा,
आणि आकडा वहीत मांडायचा, निळ्या शाईने.
दीडचा आकडा कालवांनी खाल्लाय,
तो मी अंदाजाने वाचते.
हे साहेबांना माहीत नाही.

दर वेळचा स्टँपपेपर माझ्याच पैशांचा,
रत्नागिरीला, कोर्टासमोरच्या शेट्येंकडून.
माझा मजकूर त्यांना पाठ आहे.
‘सदर नेमणूक निव्वळ तात्पुरती असून
कायमपणाचा हक्क मी सांगणार नाही’ :
ते टाइप करतात, मी सही करते,
मध्ये चहा होतो.
शंभराचा तो कागद आता पाचशेचा झाला.
बढती मिळाली म्हणायची, त्याला तरी.

इकबाल सोलकर, आमच्या लाँचवरचे तांडेल,
अठ्ठावीस वर्षं रोजंदारीवर.
शेवटच्या दिवशी साहेबांनी शाल दिली
तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, निवृत्त कसे?
नेमणूकच नव्हती तर.
जेटीवर वारा फार होता.
ते बराच वेळ ती शालच सांभाळत राहिले.

बाजारात बांगड्यावरून नजर न उचलता
दुर्गीकाकी विचारते,
काय गो, झालीस काय कायम?
मी म्हणते, भरती निघणार आहे म्हणतात.
ती हसते. भरती काय गो,
दिवसात दोनदा येते हय.

खरंय. पण मीही नऊ वर्षं पाणी वाचलंय.
अवसेची भरती उधाणाची, पायऱ्या गिळते,
होड्या वरच्या दगडाला घासतात.
आणि अष्टमीची ही भांगाची :
येतं पाणी, येतंय असं दिसतं,
चिखलात बसलेल्या पडावाचं बूड ओलं करतं,
उचलत नाही.

आज घरीच थांबायचं ठरवलं होतं.
दळण आणलं, कुळीथ निवडले.
पाचला पाणी भरणार, हे डोक्यातून जाईना.
साडेचारला चपला घातल्या.

ऑफिस उघडंच होतं, साहेब मीटिंगला गेलेले.
वहीत आजची ओळ रिकामी.
सहज मागची पानं चाळली :
गेल्या वर्षीचा खंड, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा,
सगळ्या ओळी भरलेल्या,
साहेबांच्या तिरक्या अक्षरात,
आणि आकडे आदल्या दिवशीचेच,
एकदोन सेंटीमीटर इकडेतिकडे.
पाणी असं नसतं. पट्टी वाचणाऱ्याला कळतं.
खांबापाशी कोणी गेलंच नव्हतं.

नऊ दिवस.
आलं असेल, गेलं असेल.

टेबलावरची पेन्सिल उचलली, पायऱ्या उतरले.
शेवाळावर पाय जपून.
पाणी थांबायच्या बेतात होतं,
एक थर्माकोलचा तुकडा जागच्या जागी फिरत होता.
तरीवरचा नवा पोरगा ओरडला,
ताई, पाणी किती?

एक ऐंशी.

अजून चढेल?

नाही रे. आज एवढंच.

वर येऊन आकडा लिहिला, पुसट, पेन्सिलीने.
सहीची जागा सोडली.
उद्या शाईने गिरवीन,
ऑर्डर आली तर.