माखल्यांचा कंटेनर

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यावर आमचं हापिस.
खाली जैबूनखाला माखल्या साफ करते,
वर मी त्यांना उणे अठरावर
बार्सिलोनाला धाडतो.

यंदा तांबडा समुद्र टाळायचा, आफ्रिकेला वळसा,
पंधरा दिवस जादा, भाडं दुप्पट.
"मग माझी मजुरी तीच कशी?" खाला विचारते.
नव्या ॲपात ह्याला रकाना नाही.

ॲप दर काढतं, जहाज ठरवतं,
बिल ऑफ लेडिंगसुद्धा आता कागदावर नाही.
माझा गोल शिक्का खणात पडून.
काल मारून बघितला, नुसती कड उमटली.

रात्री फोनवर ठिपका बघतो:
केपच्या खाली, दोन दिवस तिथंच.
खालच्या मोरीतून माखल्यांची काळी शाई
अजून बंदराकडे वाहतेय,
भरपूर.