दोन इंच मागं

इचलकरंजीच्या अभिनंदननं गाडी दिली तेव्हा
तिच्या पोटाखाली निळ्या दिव्यांची पट्टी होती,
चाकांत हिरवे, नंबरप्लेटीभोवती जांभळे;
ब्रेक दाबला की सगळे एकदम, उचकी लागल्यासारखे.
"वरातीला भाड्यानं देत होतास व्हय?" मी विचारलं.
तो लाजला. दोन हजार कमी केले.

गाडी लांब, बुटकी, पाय पुढं पसरून बसायची.
ज्याच्या मापानं ती बेतली
तो कुठंतरी सहा फुटी असणार.
मी पाच फूट एक.
हात बारपर्यंत पोचायचे, पण कोपरं ताठ,
दुसऱ्याच्या घरी वरच्या फळीवरचा डबा काढताना होतात तशी.

मी उद्यमनगरात लेथवर आहे, अकरा वर्षं.
पंपाचे शाफ्ट, बुश, गुऱ्हाळाच्या पिनी:
ज्याच्या यंत्राला जे लागेल ते माप काढून दिलं.
जेवणाच्या सुट्टीत भूपाल शेटना विचारलं,
एक तुकडा घेऊ का, भंगारातला?
"घे की. टूल मोडलंस तर पगारातनं."

अ‍ॅल्युमिनियमचा कांडा चकात धरला.
कीस वेटोळं घालत पायाशी पडत राहिला.
भाकरी तशीच राहिली फडक्यात.
दोन रायझर. बार दोन इंच मागं, सूतभर वर.
बाजारात मिळतात, काळे, बाराशेला जोडी,
त्यांच्यावर कवटी कोरलेली असते.
मला कवटी नको होती.

दस्तगीरनं सीट उचकटली आणि कपाळाला हात लावला.
"शालनताई, हे वायरिंग न्हवं,
गणपती उठल्यावरच्या माळांचं गाठोडं हाय."
तो दातांनी वायर सोलतो, एक दात त्यातच गेलाय.
निळं काढलं, हिरवं काढलं, जांभळं काढलं,
बिस्किटाच्या डब्यात टाकलं. डबा त्याच्या नातीनं पळवला.
"पांढरे लाव, लांब फेकतात," मी म्हणालो.
"धुक्यात पांढरं म्हंजे भिंत. पिवळे घे.
आणि रिले टाकतो, नायतर स्विच वितळंल तुझा."

इथं सांगायचं राहिलं:
आमच्याकडं बायका 'मी म्हणालो', 'मी निघालो' म्हणतात.
पुण्याचा एक गिऱ्हाईक शेडमध्ये आला,
गाडी बघितली, विचारलं, मालक कुठायत हिचे?
मी म्हणालो, मीच घेतलो.
तो बराच वेळ उभा होता, मनात वाक्य दुरुस्त करत.

श्रावणातल्या सोमवारी कारखाना बंद.
फुलेवाडी, कळे, साळवण.
साळवणच्या पुढं रस्ता कुणीतरी पुसून टाकलेला.
अंगठ्यानं स्विच दाबला.
पिवळं खाली उतरलं, ओल्या डांबरावर पसरलं,
कासराभर.
त्याच्यापुढं काही नाही. झाड नाही, कठडा नाही.
कासराभर संपायचं, पुन्हा कासराभर मिळायचं.
कोपरं सैल होती. हे मला उशिरा कळलं.

मागं दुधाचा टेम्पो होता, एक डोळा मेलेला.
मी वळलो की तो वळायचा, मी थांबलो की थांबायचा.
गगनबावड्याच्या स्टँडपाशी ड्रायव्हर उतरून आला.
"दादा, तुझा मागचा लाल धरूनच आलो बघ."
मी हेल्मेट काढलं.
तो गप्प झाला, मग म्हणाला, "च्या घेणार?"

घेतला. आलं जास्त होतं.
कपातनं गाडीकडं बघत होतो:
मागच्या दिव्याला हातच लावला नव्हता आम्ही.
एवढ्या खर्चात तेवढा एक कंपनीचा राहिलेला,
धुळीनं अर्धा झाकलेला.
रुमालानं पुसला.

उतरताना उजवा रायझर खडखडायला लागला.
कळ्यापर्यंत दात खाऊन आलो.
पाव सूत जास्त कापलं असणार.
चूक माझी, माप माझं.
उद्या सुट्टीत बघतो.